नदीकाठचे दोनशे मीटर: महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाने प्लास्टिकवर काम कसं करावं

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पुण्यात भिडे पूल पाण्याखाली जातो. दोन-चार दिवसांनी पाणी ओसरतं तेव्हा नदीपात्रातली झाडं ओळखू येत नाहीत. करंजाच्या आणि उंबराच्या फांद्यांवर आपल्या डोक्याच्याही वर चिंध्या लोंबत असतात. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, कापडाच्या दुकानातल्या पातळ पिशव्या, मधेच एखादी फाटकी गोणी. पाणी कुठवर चढलं होतं हे कुणाला विचारावं लागत नाही, प्लास्टिकची रेघच ते दाखवते.

आमच्या महाविद्यालयाचं निसर्ग मंडळ अशाच एका करंजाखाली सुरू झालं. अकरा मुलं-मुली आणि मी. तीन तास राबलो, गोण्या भरल्या, फोटो काढले, खूप समाधान वाटलं. पुढच्या जुलैत त्याच झाडावर तेवढ्याच चिंध्या होत्या. दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी झाडाकडे बघत म्हणाली, “मॅडम, मागच्या वर्षी आपण नक्की काय केलं?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

त्या प्रश्नामुळे आमच्या कामाचा क्रमच उलटा झाला. आता आम्ही आधी मोजतो, मग कचरा कुठून येतो त्याचा माग काढतो, तिथल्या माणसांशी बोलून एखादी सवय बदलता येते का पाहतो. सफाई त्याच्या जोडीने चालते, पण तिच्यावर सगळा भार टाकत नाही. ही पद्धत टप्प्याटप्प्याने इथे लिहिते आहे. उदाहरणं पुण्याची आणि मुठेची आहेत, कारण मला तीच ठाऊक आहेत. पंचगंगा, गोदावरी किंवा नाग नदीच्या काठच्या महाविद्यालयांना जागांची नावं बदलावी लागतील, बाकी बरंचसं तसंच लागू पडेल.

मंडळ उभं करताना

पहिल्या दिवशी शंभर नावं येतात, तिसऱ्या शनिवारी बारा उरतात. त्या बारांवर मंडळ चालतं, म्हणून गळतीने खचू नका. त्या बारा जणांत निदान चार पहिल्या वर्षाचे हवेत. सगळे शेवटच्या वर्षाचे असले तर मे महिन्यात मंडळ संपलंच म्हणून समजा.

राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात भेटा. रासेयोच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम आणि दोन वर्षांत एक सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं असतं. तुमचं काम त्या तासांत धरलं गेलं तर मुलांची ओढाताण होत नाही आणि हजेरीपत्रक, विमा, प्राचार्यांची सही या गोष्टी रुळलेल्या वाटेने होतात. मात्र तासांसाठी येणाऱ्यांना आणि मनापासून येणाऱ्यांना वेगळं वागवू नका. तास भरायला आलेला एक मुलगा आमच्याकडे पुढे चार वर्षं टिकला.

पैसे फार लागत नाहीत. रबरी तळव्याचे धुऊन परत वापरता येतील असे हातमोजे, रिकाम्या गोण्या (धान्याच्या दुकानात स्वस्त मिळतात), एक मोठी ताडपत्री, लांब चिमटे, एक ताणकाटा, प्रथमोपचाराची पेटी आणि एक जाड पुठ्ठ्याची नोंदवही. एवढ्यात वर्ष निघतं. टी-शर्ट छापू नका. फ्लेक्स तर मुळीच लावू नका, तो स्वतःच पीव्हीसीचा असतो आणि कार्यक्रम संपल्यावर त्याचं काही करता येत नाही. जुन्या चादरीवर रंगाने लिहिलेला फलक आमच्याकडे सहा वर्षं चालला, दरवर्षी फक्त तारखेची पट्टी बदलायची. पाण्याच्या सीलबंद बाटल्या वाटायच्या नाहीत. प्रत्येकाने आपली बाटली आणायची आणि मंडळाने एक पिंप भरून न्यायचं.

जागा एकच घ्या

“नदी स्वच्छ करू या” म्हणून निघालात तर महिन्याभरात दमाल. नदीकाठचे दोनशे मीटर घ्या. दोन खुणा ठरवा, जसं या पुलाच्या खांबापासून त्या घाटाच्या पायरीपर्यंत. वर्षभर तेवढंच. एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्यावरच मागच्या वेळी काय होतं आणि आज काय आहे हे सांगता येतं. मग तिथला चहावाला ओळखू लागतो, मासे धरायला बसणारे काका सांगतात की रात्री टेम्पो येऊन राडारोडा टाकून गेला. ही माहिती कुठल्याही सर्वेक्षणात मिळत नाही.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. महाविद्यालयापासून चालत जाता यावं. चढ-उतार फार धोक्याचा नसावा. आणि कचरा उचलणारं वाहन रस्त्यापर्यंत येऊ शकावं.

परवानगीसाठी महापालिकेच्या तुमच्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात आणि जवळच्या आरोग्य कोठीवर (सफाई कामगारांची हजेरी लागते ते ठिकाण) लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. हे मी अनुभवातून सांगते आहे. पहिल्या वर्षी आम्ही फोनवर बोलून मोकळे झालो. सफाई झाली, गोण्या रस्त्याच्या कडेला रचल्या आणि गाडी आलीच नाही. रात्री कुत्र्यांनी गोण्या फाडल्या, पहाटे पाऊस आला आणि आमचा अर्धा कचरा पुन्हा नदीकडे निघाला. सोमवारी तो पाहून दोन मुली रडल्या. तेव्हापासून गाडीची वेळ आणि मुकादमाचा नंबर हातात असल्याशिवाय आम्ही एकही गोणी भरत नाही.

आधी आपल्या आवारातला कचरा उलटा करा

नदीवर जाण्याआधी हा टप्पा घ्या. पुष्कळ मंडळं तो गाळतात, पण सगळ्यात जास्त शिकवतो तो हाच.

एखादा साधा कामाचा दिवस निवडा. गॅदरिंग किंवा परीक्षेचा नको. सफाई कामगार मावशींना आणि मामांना आदल्या दिवशी भेटून सांगा की उद्याचा सगळा सुका कचरा आम्हाला द्या. त्यांना आधी आश्चर्य वाटतं, मग त्या स्वतःच सांगू लागतात की मुलींच्या वसतिगृहातून काय येतं, प्रयोगशाळेतून काय येतं, कुठल्या विभागात वाढदिवस झाला की थर्माकोलच्या ताटल्या येतात. पहिला तास तर त्यांचं ऐकण्यातच जावा.

मग मैदानाच्या कडेला ताडपत्री अंथरा आणि डबे उलटे करा. ढीग पाडा: पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पातळ कॅरीबॅग, वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, चहाचे कप, चमचे-ताटल्या-स्ट्रॉ, पार्सलचे डबे आणि उरलेलं सगळं. प्रत्येक ढीग मोजा, ताणकाट्याला लावून वजन घ्या आणि दोन्ही आकडे लिहा. नुसत्या वजनावर गेलात तर फसाल, कारण पाकिटांना वजनच नसतं. ढीग गुडघ्याइतका झाला तरी काटा जेमतेम हलतो.

ओळख पटवायला सोप्या युक्त्या आहेत. बाटलीच्या किंवा डब्याच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ मधला एक आकडा असतो. १ म्हणजे पेट, पाण्याची बाटली. २ म्हणजे जाड, दुधी प्लास्टिक, जसे शाम्पूचे आणि तेलाचे कॅन. ४ मध्ये पातळ पिशव्या येतात, ५ मध्ये पार्सलचे डबे, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्याचाच. ७ मध्ये बाकीची सगळी सरमिसळ. पाकिटाची परीक्षा मुठीत होते. मुठीत चुरगळा आणि सोडा. कुरकुर वाजत परत उलगडलं तर ते अनेक थरांचं प्लास्टिक, चुरगळून गोळा झालं तर साधी अॅल्युमिनियमची फॉइल.

बादलीभर पाण्याचा प्रयोग तर नव्या मुलांसाठी जरूर करा. पिशवीचा तुकडा, डब्याच्या झाकणाचा तुकडा आणि पाण्याच्या बाटलीचा कापलेला तुकडा बादलीत टाकून बुडवा. पहिले दोन वर येतात, बाटलीचा तुकडा तळाशी जातो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, पेट जड. आता मुलांना विचारा की नदीत बाटल्या तरंगताना का दिसतात. कुणीतरी डोकं चालवतं: झाकण लावलेलं असतं, आत हवा असते. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. झाकण नसलेल्या बाटल्या कुठे गेल्या? त्या तळाशी, गाळात. पृष्ठभागावर दिसतो तो कचऱ्याचा एक भाग आहे, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बदलतात.

महाविद्यालयात रोज सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा निघत असेल तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी त्याला मोठा कचरा-निर्माता ठरवलं, आणि वर्गीकरणाची जबाबदारी संस्थेवर टाकली. तुमच्या ताडपत्रीवरचे आकडे प्राचार्यांपुढे ठेवताना ही गोष्ट सांगा. मागणी करणारं मंडळ आणि मोजमाप घेऊन आलेलं मंडळ, यांच्याशी प्रशासन सारखं बोलत नाही.

नदीकाठची सकाळ

महिन्यातून एक शनिवार, सकाळी साडेसहा ते नऊ. नऊनंतर ऊन चढतं आणि हाताला चुका व्हायला लागतात.

पावसाळ्यात पाण्याजवळ जाऊ नका. धरणातून विसर्ग सुरू आहे का हे आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी असं दोनदा पाहा. शंका असेल तर त्या दिवशी आवारातच काम करा. हातापायाला जखम असलेल्याने चिखलात उतरायचं नाही, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. धनुर्वाताची लस झाली आहे का हे सुरुवातीलाच विचारून घ्या. पायात बंद बूट हवेतच. चप्पल घालून आलेल्याला नोंदी करायला बसवा, त्याला परत पाठवू नका.

इंजेक्शनच्या सुया, काच, औषधांच्या बाटल्या, काय आहे ते कळत नाही अशा पिशव्या, यांना विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही. जागेवर खूण करून पालिकेच्या माणसांना दाखवायचं. दगड उलटवायचे तर चिमट्याने किंवा काठीने. पावसाळ्यानंतर त्याखाली साप, विंचू आसऱ्याला असतात आणि ते घर त्यांचंच आहे.

चार-चार जणांचे गट करा. दोघं उचलतात, एक जण गोणी धरतो, चौथा लिहितो. लिहिणारा फार महत्त्वाचा आहे. उचललेली प्रत्येक वस्तू मोठ्याने सांगायची, “पाकीट, पाकीट, गुटख्याची पुडी, बाटली, बूट,” आणि लिहिणाऱ्याने पाच-पाचच्या रेघा मारायच्या. अर्ध्या तासात त्या उच्चाराला एक लय येते आणि कुठला शब्द सारखा येतोय ते सगळ्यांच्या कानात बसतं. आमच्या पट्ट्यात गुटख्याच्या आणि पानमसाल्याच्या पुड्या इतक्या निघाल्या की तो शब्द म्हणून मुलांच्या जिभा दुखल्या. वजनाच्या तक्त्यात त्या कुठेच दिसल्या नसत्या.

सगळं साफ करायचा हट्ट धरू नका. सुकलेली पानं, काटक्या, गवत हा कचरा नाही, ते खत आहे आणि किड्यांचं अन्न. मुळांत घट्ट गुंतलेली साडी ओढून काढलीत तर काठ ढासळतो. ती कात्रीने वरच्या वर कापा. फांदीवरच्या चिंध्या लांब बांबूला आकडा बांधून काढा, पण आधी घरटं नाही ना ते पाहा. घारी आपल्या घरट्यात प्लास्टिकच्या चिंध्याही विणतात. अशी चिंधी जागेवर राहू द्या.

गोण्या भरल्यानंतर

भरलेली गोणी गाडीत टाकली की काम झालं असं वाटतं. पण त्यातलं काय परत वापरात जातं आणि काय डेपोवर, हे मुलांना एकदा तरी डोळ्यांनी पाहू द्या.

पुण्यात या विषयातले खरे जाणकार म्हणजे कचरावेचक. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासून उभी आहे, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली, जिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात. तुमच्या भागातल्या एखाद्या ताईंना महाविद्यालयात बोलवा, पाहुण्या म्हणून, मानधन देऊन, पुढच्या खुर्चीवर बसवून. त्यांनी पाच मिनिटांत आमच्या मुलांना जे शिकवलं ते मला तासभर बोलून जमलं नसतं. एक ताई आमच्याकडे ढिगासमोर उकिडव्या बसल्या, दुधाची पिशवी उचलली आणि तिचा कापलेला कोपरा दाखवला. म्हणाल्या, “पिशवी आम्ही विकतो. हा तुकडा कुठंय? त्याला कोण उचलणार?” दुधाची पिशवी उघडताना आपण कोपरा पूर्ण कापून टाकतो, तो नखाएवढा त्रिकोण मोरीतून गटारात आणि गटारातून नदीत. कोपरा अर्धवट कापून पिशवीलाच लोंबता ठेवला तर तो पिशवीबरोबर भंगारात जातो. त्या दिवसापासून माझ्या घरी आणि बहुधा त्या खोलीतल्या सगळ्यांच्या घरी पिशवी तशीच कापली जाते.

बाटल्या, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, जाड डबे यांना भंगारात भाव असतो, फक्त कोरडे आणि स्वच्छ हवेत. चकचकीत पाकिटांना जवळजवळ नसतो, कारण त्यात वेगवेगळ्या पदार्थांचे थर चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणं परवडत नाही. त्यांतली काही सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातात. मातीने भरलेली नदीतली पिशवी तर कुणालाच नको असते. म्हणजे जे प्लास्टिक परत वापरात जाण्याजोगं होतं, तेही नदीत पडल्यावर निकामी झालं. वर्गीकरण उगमाशीच करायचं, असं आपण म्हणतो त्याचं कारण हेच.

कचरा जाळू नका, कुणी जाळत असेल तर थांबवा. आवारात पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिक पेटवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. माळीमामांना दोष न देता त्यांच्यासाठी पाल्याचा खड्डा करून द्या, जाळणं आपोआप कमी होतं.

लोकांशी बोलताना

जनजागृती म्हटलं की पथनाट्य, घोषणा, रॅली. पथनाट्य जरूर करा, मुलं त्यातून मोकळी होतात. पण त्याने भाजीवाल्या मावशींची पिशवी बदलत नाही. त्यांच्याकडे पिशवी मागतो तो गिऱ्हाईक, आणि नाही दिली तर तो शेजारच्या गाळ्यावर जातो.

कॅन्टीनपासून सुरुवात करा. आमच्याकडे चहा कागदी कपात मिळायचा आणि सगळ्यांना वाटायचं की कागद आहे, म्हणजे चालतो. एका मुलाने रात्रभर एक कप पाण्यात भिजत ठेवला. सकाळी कागदाचा लगदा सुटून आला आणि कपाच्याच आकाराची पातळ, पारदर्शक पिशवी हातात राहिली. तो ती पिशवी घेऊन काउंटरवर गेला आणि काकांच्या हातात ठेवली. काकांनी ती उजेडात धरून पाहिली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, “आणि हे सगळे रोज पितात?” त्या कपातला गरम चहा रोज त्याच अस्तराला लागून असतो. हा प्रयोग तुम्हीही करा, खर्च शून्य.

त्यानंतर हिशोबाला बसा. समजा रोज ४०० कप लागतात. महिन्यातल्या पंचवीस दिवसांचे झाले १०,०००. त्या कपांचा खर्च काकांकडूनच विचारून घ्या, शेजारी स्टीलच्या शंभर ग्लासांची किंमत लिहा आणि धुणाऱ्या माणसाचा वाढीव पगार लिहा. हा तिसरा आकडा लपवू नका. ग्लास विसळण्याचं काम कुणाच्या तरी पाठीवर पडतं. आम्ही आधी ते विसरलो होतो आणि आठवड्याभरात काकांनी पुन्हा कप आणले, त्यांचं बरोबर होतं. मग मुलांनी आपापला ग्लास विसळून ठेवायचा असं ठरलं, नळाची एक वाढीव तोटी बसली आणि तेव्हा ते टिकलं.

मंडईत जायचं तर पिशवी पेढी हा प्रकार चांगला चालतो. घराघरांतून जुन्या साड्या, ओढण्या, फुलपँट गोळा करा, बचत गटाच्या ताईंकडून मजुरी देऊन पिशव्या शिवून घ्या. तीन-चार गाळ्यांवर ठेवा. गिऱ्हाइकाने थोडी अनामत ठेवून पिशवी न्यावी, परत आणली की पैसे परत. पिशव्या पुष्कळ परत येत नाहीत, ते गृहीत धरा. भाजीवाल्या मावशींना विचारा की त्यांना कुठल्या आकाराची पिशवी हवी. कोथिंबिरीला आणि मिरच्यांना छोट्या लागतात, हे आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळलं.

गणेशोत्सवात विसर्जन घाटावर उभं राहणं हे मंडळाचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. तिथे उपदेश चालत नाही. माणूस बाप्पाला निरोप देत असतो, त्याचा गळा दाटलेला असतो. हात जोडून म्हणा, “काका, निर्माल्य द्या, त्याचं खत करून बागेत घालतो.” फार थोडे नाही म्हणतात. निर्माल्य घेतल्यावर त्यातलं प्लास्टिक तिथेच वेगळं करा: पिशवी, हाराचा नायलॉन दोरा, थर्माकोलचं मखर, चमकीच्या माळा. दोरा सर्वांत चिवट. खतात गेला तर फावड्याला गुंडाळतो. पुढच्या वर्षी तेच लोक पुन्हा घाटावर आले तर त्यांना त्यांच्याच निर्माल्याचं मूठभर खत द्या.

पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हाही काम असतं. वारकऱ्यांना बाटल्या आणि पाऊच वाटण्याऐवजी पिंप आणि पेले घेऊन उभे राहा. माउलींच्या हातातला तांब्या किंवा बाटली भरून द्या. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला, भीमा उजनी धरणात थांबते आणि पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. आपण इथे जे सोडतो ते वारकऱ्यांच्या वाटेनेच पंढरीला जातं. हे मी ज्या वारकरी आजींना सांगितलं, त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही. उजनीच्या काठावर भिगवणला थंडीत रोहित पक्षी उतरतात. एकदा मुलांना तिथे घेऊन जा. शहराचा सांडपाण्याचा प्रवास पुस्तकात वाचणं वेगळं, आणि उथळ पाण्यात चोच खुपसून चरणारे रोहित बघत बसणं वेगळं.

कायदा माहीत असावा

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या, थर्माकोलची भांडी आणि सजावट अशा वस्तूंवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. देशपातळीवर १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, कान कोरायच्या प्लास्टिक काड्या, मिठाईच्या खोक्यावरचं आवरण, १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलक अशा एकदा वापरून फेकायच्या वस्तू बंद आहेत. पिशवीची किमान जाडी केंद्राच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन आहे.

हे सगळं पाठ करा, पण दुकानदारासमोर दंडाची भाषा वापरू नका. तुम्हाला दंड करण्याचा अधिकार नाही, आणि हातगाडीवाल्याला घाबरवणं सोपं असतं म्हणून ते योग्य ठरत नाही. या माहितीचा खरा उपयोग आपल्या संस्थेत होतो. गॅदरिंगचा फ्लेक्स, परिसंवादाची फुलं गुंडाळलेलं प्लास्टिक, पाहुण्यांसमोरची छोटी बाटली. सुरुवात तिथे करा.

झाडं, गवत, पक्षी

प्लास्टिकइतकंच जागेचं रक्षणही मंडळाकडे यावं. इथेही पहिलं काम नोंदीचं. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात रोज सकाळी अर्धा तास आवारात फिरा आणि दिसेल तो पक्षी लिहा. पुन्हा फेब्रुवारीत लिहा, तेव्हा देशभरातली महाविद्यालयं आपापल्या आवारातले पक्षी मोजतात आणि तुमची यादी त्यात जाते. तीन वर्षांच्या याद्या झाल्या की नवी इमारत कुठे नको हे सांगायला हाताशी काहीतरी असतं.

वृक्षारोपणाचा उत्साह जपून वापरा. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड) भराभर लावलं गेलं आणि आज त्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. टेकडीचा उघडा गवताळ माळ ही रिकामी जागा नसते. चंडोलासारखे पक्षी तिथे जमिनीवरच घरटं करतात. झाड लावायचं तिथे करंज, पळस, बहावा, उंबर असं इथलं लावा, खड्डा उन्हाळ्यात खणून ठेवा, रोप जुलैत लावा आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्यांची नावं आधी लिहा. नावं मिळाली नाहीत तर रोपं कमी लावा.

आणि रोपांच्या काळ्या पिशव्या! वृक्षारोपणानंतर टेकडीवर त्या जागोजागी पडलेल्या असतात. रोपं मोजून न्या, पिशव्या मोजून परत आणा. बाजूने सरळ चीर देऊन काढल्या तर धुऊन एकत्र बांधता येतात, काही रोपवाटिका त्या परत घेतात.

नोंदवही आणि पुढची बॅच

वर्षाचं गणित साधारण असं बसतं. जून-जुलैत नवी मुलं, आवारातली पहिली ताडपत्री, बादलीचा प्रयोग, रोपं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाट. ऑक्टोबरला परीक्षा, तेव्हा काहीही ठेवू नका. नोव्हेंबरला पक्षी, डिसेंबर-जानेवारीत शिबिर, फेब्रुवारीत आवारातली दुसरी ताडपत्री. पहिल्या आणि दुसऱ्या ताडपत्रीचे आकडे शेजारी शेजारी मांडून सूचनाफलकावर लावा. वाढले असतील तरी लावा. एका वर्षी आमचे पार्सलचे डबे वाढले होते, कारण वसतिगृहाची खानावळ बिघडली होती आणि मुलं बाहेरून मागवत होती. तो आकडा फलकावर लागला म्हणून खानावळीचा प्रश्न सुटला.

मार्चमध्ये हस्तांतर करा, मेमध्ये नको, कारण तेव्हा कुणी सापडत नाही. जुन्या मुलांनी नव्या दोघांना घेऊन सगळीकडे एकदा जावं: आरोग्य कोठी, भंगारवाले, मंडईतल्या मावशी, घाटावरचे काका, कॅन्टीन. ओळख तोंडाने करून द्यायची, नुसते नंबर पाठवून भागत नाही. नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहायच्या: यंदा काय जमलं, काय फसलं आणि कुणाचे आभार मानायचे राहिले.

आमची पहिली वही आता पाण्याने फुगली आहे, पानांना मुठेच्या गाळाचा वास आहे. तिच्यात पहिल्या पानावर अकरा नावं आहेत. आता चौथी वही सुरू आहे. दर जुलैत पाणी उतरलं की नव्या मुलांना घेऊन मी त्या करंजाखाली जाते आणि फांद्यांवरच्या चिंध्या मोजायला सांगते. यंदा त्यांत दुधाच्या पिशव्या बऱ्याच कमी होत्या, पाकिटं मात्र तेवढीच. पुढच्या शनिवारी साडेसहाला आम्ही पाकिटं विकणाऱ्या टपऱ्यांची यादी करायला निघतो आहोत.